नागपूरच्या स्वयंपाकघरात कोकणी पदार्थ का बिघडतात आणि ते कसे जमवावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: माहेर नागपूरचे, सासर मूळचे मालवणकडचे, सासूबाईंनी वहीत लिहून दिलेल्या कृती तंतोतंत पाळूनही सोलकढी फुटते, उकडीच्या मोदकांना चिरा पडतात, आंबोळीचे पीठ मे महिन्यात आंबट होते आणि डिसेंबरात फुगतच नाही, हळदीची पाने मिळत नाहीत, आणि यंदा गौरींना वीसेक माणसांसाठी घावन-घाटले (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी आणि नारळाच्या रसातली गुळाची खीर) करण्याचे तुम्ही कबूल करून बसला आहात. वहीत काही लिहायचे राहून गेले असावे, अशी शंकाही तुम्ही बोलून दाखवली आहे. नागपुरात कोकणी पदार्थांच्या ऑर्डरी घेताना आणि वर्ग चालवताना ही तक्रार मी पुष्कळ जणींकडून ऐकत आले आहे. वहीतल्या कृतीत चूक नसते. मात्र ती लिहिणारीच्या हाताशी परसातला नारळ, त्या वर्षीची कोकमे आणि दमट हवा असते, आणि हे सारे इतके गृहीत असते की ते लिहावे असे तिच्या मनातही येत नाही. म्हणून कृती बदलण्याच्या फंदात न पडता जिन्नस आणि हवा यांचा हिशेब जुळवावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सुरुवात नारळापासून करते, कारण निम्म्याहून अधिक बिघाड तिथेच असतो. नागपुरात येणारा नारळ दक्षिणेकडून येतो, आणि झाडावरून उतरल्यापासून तुमच्या ओट्यावर येईपर्यंत त्याचे किती दिवस वखारीत आणि दुकानात गेले याचा अंदाज बाहेरून सहसा येत नाही. उन्हाळ्यात तर नारळातले पाणी आटते, खोबरे कवटीपासून सुटू लागते आणि त्यातला रस कमी होऊन तेल तेवढे उरते. अशा नारळाचा रस कितीही काढला तरी तो पातळ आणि तेलकटच निघतो, आणि कोकमाचे आंबट त्याला लागले की पाणी खाली व चरबी वर असे दोन थर होतात. तुमच्या सोलकढीचे दुखणे बहुधा हेच आहे. नारळ घेताना हातात वजनदार लागतो ना ते पाहावे, कानाशी हलवून आत पाणी भरपूर वाजते ना ते ऐकावे, तिन्ही डोळे कोरडे आणि बुरशीविना आहेत ना ते तपासावे आणि शेंडी राखलेला नारळ मिळाला तर तोच घ्यावा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापेक्षा कॉटन मार्केटमध्ये, किंवा इडली-डोशाचे गाडेवाले जिथून रोज नारळ उचलतात अशा दुकानात, माल लवकर फिरत असल्यामुळे ताजा नारळ मिळण्याची शक्यता अधिक असते.

एवढे करूनही फोडल्यावर नारळ कसा निघेल याची हमी नाही. म्हणून नागपुरात मी पदार्थ ठरवून नारळ फोडत नाही. तीन-चार नारळ फोडते आणि कोणता कशाला वापरायचा ते नंतर ठरवते. खोबऱ्यात अंगठ्याचे नख रोवून पाहावे. नख सहज रुतले आणि पांढरा ओलावा वर आला, तर तो नारळ सोलकढीला, शिरवाळ्यांच्या (तांदळाच्या शेवयांच्या) रसाला आणि घाटल्याला राखून ठेवावा. नख रुतते पण ओलावा दिसत नाही, असा नारळ मोदकांच्या आणि पातोळ्यांच्या (हळदीच्या पानात वाफवलेल्या गोड पदार्थाच्या) सारणाला उत्तम, कारण त्यात पाणी कमी असल्याने सारण लवकर आळते. नख घसरू लागले, म्हणजे खोबरे सुक्याकडे झुकले आहे. ते कांद्याबरोबर खमंग भाजून काळ्या वाटाण्यांच्या उसळीच्या किंवा कोंबडीच्या वाटपात घालावे, तिथे ते चवीला मुळीच कमी पडत नाही. चांगले नारळ हाती लागले की जास्तीचे खवून, वाटीवाटीच्या पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. सारणाला आणि वाटपाला असे खोबरे बेलाशक चालते.

आता सोलकढी. एका मध्यम नारळाचे खोबरे कोमट पाण्याबरोबर मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावे. मिक्सर एकसारखा चालवला तर भांडे तापते आणि चरबी तिथेच सुटू लागते. पहिला दाट रस मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यावा, मग त्याच चोथ्याचा दुसरा आणि हवा तर तिसरा रस काढावा. दहा-बारा आमसुले (कोकमाची सुकवलेली साले) तासभर कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून घ्यावीत आणि ते पाणी पूर्ण गार झाल्यावरच रसात मिसळावे. लसूण, हिरवी मिरची आणि मीठ वाटून घालावे. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरत असाल तर त्यात मीठ मुरलेले असते, म्हणून आधी चव पाहावी. सोलकढी चुलीवर कधीही चढवू नये, आणि जेवणाच्या अर्धा-पाऊण तासाहून फार आधी ती एकत्र करू नये. रस वेगळा आणि कोकमाचे पाणी वेगळे असे फ्रिजमध्ये ठेवले तर सकाळची तयारी संध्याकाळी चालते. जानेवारीत मात्र वेगळीच पंचाईत होते. खोबऱ्याची चरबी साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, आणि नागपूरच्या थंडीत स्वयंपाकघरच त्याहून गार असते. त्यामुळे चांगल्या नारळाच्या सोलकढीवरही पांढरे कण तरंगू लागतात आणि ती फुटल्यासारखी दिसते. ती फुटलेली नसते. भांडे कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवून ढवळले की कण विरतात. थंडीत सोलकढी फ्रिजमध्ये ठेवूच नये.

कोकमाबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जाते. सुट्टे मिळणारे आमसूल बऱ्याचदा एक-दोन पावसाळे पाहिलेले असते. ते कडक होते, त्यावर मिठाचा पांढरा थर येतो, आणि भिजवल्यावर पाण्याला जांभळट लाल रंगाऐवजी विटकरी छटा येते. अशा आमसुलाने आंबटपणा येतो, कोकमाचा सुवास येत नाही. चांगले आमसूल काळपट जांभळे आणि बोटाने दाबल्यावर नरम लागणारे असते. कोकमाची फळे उन्हाळ्यात पिकतात आणि साले रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवली जातात. तेव्हा सिंधुदुर्गात कोणी नातलग असेल तर जूनच्या सुमारास वर्षाचे मागवून, काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. कोकमाचे पाणी तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये.

मोदकांच्या चिरांचे खापर बहुतेक जण नागपूरच्या कोरड्या हवेवर फोडतात, पण ते अर्धेच खरे आहे. भाद्रपदात आपल्याकडची हवा चांगली दमट असते. उकड सुकते ती डोक्यावरच्या पंख्याने किंवा शेजारच्या खोलीतल्या एसीच्या झोताने. पारी (मोदकाचे आवरण) करताना पंखा बंद ठेवावा, मळलेली उकड ओल्या फडक्याखाली ठेवावी आणि एका वेळी एकाच मोदकापुरता गोळा बाहेर काढावा. चिरा पडण्याचे दुसरे आणि मोठे कारण तांदूळ हे आहे. मोदकाच्या पिठीला चिकटपणा लागतो, म्हणून आंबेमोहरासारखा, शिजल्यावर मऊ होणारा तांदूळ पूर्वापार वापरला जातो. नागपुरातल्या बहुतेक घरांत रोजच्या भाताला असतो तो चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून तयार केलेल्या एचएमटी वाणाचा तांदूळ. भाताला तो सुरेख, मोकळा आणि बारीक; पण हाच मोकळेपणा मोदकाच्या मुळावर येतो. आंबेमोहर मिळाला तर उत्तमच, नाहीतर भंडाऱ्याकडचा चिन्नोर घ्यावा. तो सुवासिक आणि मऊ असून, नवा असेल तर त्याची पारी माझ्या अनुभवात चांगली वळते.

तांदूळ धुऊन, सावलीत फडक्यावर वाळवून, बारीक दळून आणावा. श्रावणात तो लवकर वाळत नाही आणि ओलसर राहिला तर पिठीला वास धरतो. म्हणून मी मे महिन्यातच तांदूळ धुऊन वाळवून डब्यात भरते आणि दळण मात्र गणपतीच्या आठवडाभर आधी आणते, कारण पिठी जुनी झाली की उकड तुटू लागते. मात्र उन्हाळ्यात वाळलेला तांदूळ पार कोरडा झालेला असतो आणि त्याची पिठी पाणी जास्त पिते. वहीत एका वाटी पिठीला एक वाटी पाणी लिहिले असेल, तर अशा पिठीला दोन-तीन चमचे पाणी अधिक घालावे. पाण्यात चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ घालून खळखळून उकळी आणावी, पिठी एकदम घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळावी, मंद आचेवर झाकण ठेवून दोन-तीन मिनिटे वाफ आणावी, आणि आच बंद केल्यावर आणखी पाच मिनिटे झाकण उघडू नये. मळणे गरम असतानाच झाले पाहिजे. हात भाजतात म्हणून उकड निवेपर्यंत थांबणाऱ्यांच्या मोदकांना चिरा पडणारच. वाटीच्या बुडाने आधी चेपून घ्यावी आणि मग पाण्याचा व तुपाचा हात लावून मळावी. ज्यांना गिरणीतली पिठी कधीच मनासारखी मिळत नाही, त्यांनी तांदूळ चार-पाच तास भिजवून, एक वाटी तांदळाला सगळे धरून सव्वा ते दीड वाटी पाण्यात गंधासारखा बारीक वाटावा आणि ते मिश्रण जाड बुडाच्या कढईत तुपाबरोबर ढवळत गोळा होईपर्यंत शिजवावे. ही उकड हमखास मऊ होते, आणि नवशिक्या हातांना मी आता हीच पद्धत आधी शिकवते.

सारणाला दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी चिरलेला गूळ हे प्रमाण ठीक आहे. ते पूर्ण कोरडे करू नये. कढईच्या कडा सुटल्या आणि पळीवर गोळा धरला की उतरवावे, कारण निवल्यावर ते आणखी घट्ट होते.

आंबोळीचे पीठ हा सर्वस्वी हवामानाचा प्रश्न आहे. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथ्या हे प्रमाण बारा महिने तेच ठेवावे, बदल वेळेत करावा. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना वाटलेले पीठ पाच-सहा तासांत तयार होते, तेव्हा रात्री नव्हे तर पहाटे वाटावे, थंड पाण्यात वाटावे आणि फुगताच फ्रिजमध्ये ठेवावे. थंडीत कोमट पाण्यात वाटून, डबा जुन्या शालीत गुंडाळून, बंद ओव्हनमध्ये किंवा पिठाच्या मोठ्या डब्यात ठेवला तरी चौदा-पंधरा तास लागतात. वाटताना मूठभर शिजलेला भात घातला तर थंडीतही पीठ बरे फुगते. खायचा सोडा घालू नये. आंबोळी जाळीदार होते खरी, पण चव बुडते.

हळदीच्या पानांवर तोडगा आपल्या दाराशी आहे. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद प्रसिद्ध आहेच. बाजारातून कोंब फुटू लागलेली हळकुंडे आणून जूनच्या सुरुवातीला मोठ्या कुंडीत लावली तर गौरी-गणपतीपर्यंत पाने पातोळ्यांना पुरतील इतकी वाढतात. वाळवलेली किंवा उकडून पॉलिश केलेली हळकुंडे रुजत नाहीत, ओलीच हवीत. कुंडीला सकाळचे ऊन पुरते, पाणी साचू देऊ नये, आणि पाने कापताना प्रत्येक रोपावर दोन-तीन राखावीत. केळीच्या पानात केलेल्या पातोळ्या खाण्याजोग्या होतात, पण पातोळीचा गंध हळदीच्या पानाचाच असतो, त्यामुळे केळीचे पान हा पर्याय मी कोणाला फारसा सुचवत नाही. पातोळ्या दहा-बारा मिनिटे वाफवाव्यात आणि पान पदार्थ कोमट असताना सोडवावे. फार गरम असताना पारी पानाला चिकटून येते.

ज्यांना मोदक-पातोळ्यांची धास्ती वाटते, त्यांनी गोडाची सुरुवात खांडवीपासून करावी. एचएमटीचा जो मोकळेपणा मोदकात अडतो, तोच इथे उपयोगी पडतो. तांदूळ धुऊन वाळवून रवाळ काढावा, एक वाटी रवा तुपावर गुलाबी भाजावा, दोन वाट्या पाण्यात पाऊण ते एक वाटी गूळ विरघळवून उकळावा, त्यात किसलेले आले, वेलची आणि किंचित मीठ घालून रवा सोडावा, मंद आचेवर वाफ आणून ताटात थापावे आणि वर ओले खोबरे दाबून वड्या पाडाव्यात. आले कमी घातलेली खांडवी म्हणजे नुसता गुळाचा सांजा. तेव्हा आल्यात काटकसर नको. आंब्याचे सांदण करायचे असेल तर रस दाट हवा. आपल्याकडे भरपूर येणारा बेगनपल्ली गोड असला तरी त्याचा स्वाद वाफेत टिकत नाही, त्यामुळे निम्मा तरी हापूसचा रस घ्यावा.

तिखटामिठाच्या पदार्थांबद्दल तुम्ही फारसे विचारलेले नाही, तरी दोन-तीन गोष्टी सांगणे भाग आहे. मालवणी मसाला संपला म्हणून सावजी मसाल्यावर कोंबडी भागवू नये. दोन्ही आपापल्या जागी थोर आहेत, पण सावजीचा जाळ ओल्या खोबऱ्याच्या वाटपाला गिळून टाकतो. मसाला घरीच करणार असाल तर रंगाला ब्याडगी आणि तिखटाला आपली भिवापुरी मिरची घ्यावी. भिवापुरीचे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या वर नेऊ नये. धने, बडीशेप, मिरी, लवंग, दगडफूल आणि नागकेशर हे मंद आचेवर वेगवेगळे भाजावेत. ओले पावटे मिळाले नाहीत तर हिवाळ्यात बाजारात येणारे पोपटाचे दाणे घेऊन त्यांची नारळ घातलेली उसळ करावी; फरक जाणकारालाही चटकन कळत नाही. काळे वाटाणे मात्र काळे वाटाणेच हवेत, आणि जुने निघाले तर बारा तास भिजवूनही ते शिजत नाहीत, म्हणून मूठभर आणून आधी शिजवून पाहावेत.

मासळीच्या बाबतीत माझे मत अनेकांना रुचत नाही. बर्फातून लांबचा प्रवास करून आलेला बांगडा नागपुरात घेऊ नये. तो तेलकट मासा असल्यामुळे लवकर उतरतो आणि तिरफळांनीही (मासळीत घालतात त्या उग्र वासाच्या मसाल्याच्या फळांनीही) त्याचा वास झाकला जात नाही. सुरमई किंवा कोळंबी एकवेळ चालते. त्यापेक्षा भंडारा-गोंदियाच्या तलावांतली ताजी मरळ किंवा रोहू घेऊन तिचे कोकम-तिरफळाचे कालवण करावे. गोड्या पाण्यातल्या माशांना चिखलाचा वास असतो आणि तो आंबटाने कमी होतो, म्हणून तुकड्यांना मीठ, हळद आणि आगळ लावून वीस मिनिटे ठेवावे व ते पाणी टाकून द्यावे. तिरफळांतल्या काळ्या बिया काढून साले नुसती ठेचावीत आणि कालवणाला उकळी आल्यावर घालावीत. वाटणात वाटली तर कडवटपणा येतो.

आता गौरींचे घावन-घाटले. विदर्भात याच दिवसांत महालक्ष्म्या बसतात, आणि तुमच्या माहेरच्या मंडळींना पुरणपोळी-आंबिलीचीही अपेक्षा असणार. तेव्हा दोन्ही स्वयंपाक एका हातात घेऊ नका, पुरणाचे काम दुसऱ्या कोणावर सोपवा. वीस माणसांना माणशी तीन धरले तर साठ घावने होतात आणि एका तव्यावर त्यांना दोन तास सहज लागतात, म्हणून बिडाचे दोन तवे आधीपासून तेलपाणी करून तयार ठेवावेत. नवा तवा त्या दिवशी काढू नये. घावनाचे पीठ ताकासारखे पातळ असते आणि पिठी तळाशी बसते. प्रत्येक घावनापूर्वी ते तळापासून ढवळावे, नाहीतर पहिली घावने पाण्यासारखी आणि शेवटची जाड होतात. तवा कडक तापल्यावर पीठ कडेने सुरू करून मध्याकडे ओतावे, लगेच झाकण ठेवावे आणि कडा सुटल्या की काढावे. गरम घावने एकावर एक रचली तर चिकटतात, म्हणून ती आधी पसरट टोपलीत सुटी निववावीत आणि मग फडक्यात गुंडाळावीत.

घाटल्याला नख सहज रुतणारे पाच-सहा नारळ लागतील, तेव्हा आठ-नऊ आणून ठेवावेत. दुसरा-तिसरा पातळ रस एकत्र करून त्यात तांदळाची पिठी गार असतानाच कालवावी आणि मंद आचेवर सतत ढवळत दाट होऊ द्यावी. गूळ थेट घालू नये. काही गुळांत क्षार किंवा आंबटपणा असतो आणि त्याने उकळता रस फुटतो. गूळ वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्यात विरघळवून गाळावा, एका वाटीत थोड्या रसात मिसळून पाहावा, आणि रस नीट राहिला तरच आच अगदी मंद करून पातेल्यात सोडावा. पहिला दाट रस, वेलची आणि जायफळ हे सारे पातेले उतरवल्यावर घालावे, आणि त्यानंतर ते पुन्हा चुलीवर ठेवू नये. नैवेद्यानंतर पंगत उशिरा बसणार असेल तर पातेले गरम पाण्याच्या परातीत ठेवले म्हणजे घाटले कोमट राहते.